जर्मनीत शिकता शिकता विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात नोकरी: नव्यांसाठी वाट

जर्मनीत मास्टर्सला गेलेल्या मुलामुलींना पहिल्या सहा महिन्यांत एक काम न शिकवता येऊ लागतं: दुसऱ्याचे कागद लावून देणं. आनमेल्डुंगला (शहरात राहण्याची नोंद करायला) काय न्यायचं, इन्शुरन्सचं कुठे अडलं, ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी आधी भरून ठेवलेले, दरमहा ठरावीकच हाती येणारे) पैसे का सुटत नाहीत, हे सगळं आधी आपल्यासाठी, मग शेजारच्या खोलीतल्या नव्या मुलासाठी आणि पुढे गावाकडून फोन करणाऱ्या ओळखीच्या घरांसाठी. विद्यापीठात हेच काम पगार घेऊन करणारी माणसं असतात. तिथे पोचायचं असेल तर एक गोष्ट आधीच समजून घ्या. ‘मी परदेशात शिकलोय’ ही या क्षेत्रात पात्रता धरली जात नाही, कारण तिथे अर्ज करणारा जवळजवळ प्रत्येक जण कुठे ना कुठे बाहेर शिकलेला असतो. निवड होते ती तीन गोष्टींवर: जर्मन किती येतं, हाताखालून किती प्रकरणं गेली आणि त्याचा लेखी पुरावा आहे का. या तिन्हींची तयारी पहिल्या सेमिस्टरपासून करावी लागते. शेवटच्या सेमिस्टरला जाग आली की वेळ गेलेली असते.

उदाहरणासाठी जर्मनी घेण्याचं कारण सरळ आहे. २०२३-२४च्या हिवाळी सेमिस्टरला तिथे ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत भारताचा क्रमांक पहिला होता. एवढी मुलं आली की त्यांची मार्कशीटं वाचता येणारी माणसंही ऑफिसांना लागतात. शिवाय पुण्यात मॅक्सम्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूटमुळे जर्मन शिकायची सोय आणि सवय जुनी आहे.

ऑफिसात कोण काय करतं

विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला बोलीत अजूनही आउसलांट्सआम्ट म्हणतात. आत साधारण चार टेबलं असतात. ‘इनकमिंग’ म्हणजे बाहेरून येणाऱ्यांचं स्वागत, राहण्याची सोय, नावनोंदणी. ‘आउटगोइंग’ म्हणजे आपल्या मुलांना एरास्मुस (युरोपची विद्यार्थी-देवाणघेवाण योजना) किंवा इतर करारांखाली बाहेर पाठवणं. तिसरं टेबल प्रवेशाचं, जिथे परदेशी पदव्या तपासतात. चौथं भागीदारीचं, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठांशी करार आणि प्रकल्पांचा निधी. याखेरीज एखाद्या विभागात इंग्रजीतून चालणारा मास्टर्स कोर्स असेल तर त्याला स्वतःचा कोऑर्डिनेटर असतो. भारतातून गेलेल्यांना हेच पाचवं दार सगळ्यात आधी उघडतं. मेकॅनिकल किंवा डेटा सायन्सच्या इंग्रजी कोर्सला बऱ्याचदा वर्गात भारतीय मुलं भरपूर असतात आणि तोच कोर्स केलेला माणूस विभागाला सोयीचा पडतो. त्यामुळे ‘आंतरराष्ट्रीय शिक्षण’ विषयातच मास्टर्स केलं पाहिजे असं काही नाही.

ज्यांना विषय म्हणूनच शिकायचा आहे त्यांच्यासाठी मारीहे नावाचा एरास्मुस मुंडुस कोर्स (अनेक देशांतल्या विद्यापीठांनी मिळून चालवलेला मास्टर्स) आहे. तो उच्च शिक्षणातलं संशोधन आणि नवोपक्रम यावरचा असून क्रेम्स (ऑस्ट्रिया), टांपेरे (फिनलंड), ओस्नाब्रुक (जर्मनी) अशा ठिकाणी फिरत होतो. एरास्मुस मुंडुसची शिष्यवृत्ती महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. मिळाली तर उत्तमच, पण एकट्या त्या भरवशावर बसू नका.

निघण्याआधी

इंग्रजीतून कोर्स घेतला की जर्मनची गरज नाही, असं काउन्सेलर सांगतात. पदवीपुरतं ते खरं आहे. ऑफिसातल्या नोकरीपुरतं ते साफ चूक आहे. परदेशी विद्यार्थ्यांशी बोलणं इंग्रजीत होतं, पण परीक्षा विभागाला मेल, प्राध्यापकांची समजूत काढणं, निधीचा अहवाल, शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाशी फोन हे सगळं जर्मनमध्ये चालतं. जाहिरातीत बहुतेक वेळा सी१ लिहिलेलं असतं (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत जातात). म्हणून हिशेब असा ठेवा: पुण्या-मुंबईतून निघताना बी१ हातात, दुसरं सेमिस्टर संपेपर्यंत बी२, चौथं संपेपर्यंत सी१. ए१ ते बी१ला नोकरी किंवा कॉलेज सांभाळून वर्षभर जातं. तिकडे विद्यापीठाच्या भाषा केंद्रातले वर्ग फुकट किंवा अगदी स्वस्त असतात, पण जागा दोन-तीन दिवसांत भरतात. नोंदणी कधी सुरू होते ते सेमिस्टर सुरू होण्याआधीच बघून ठेवा.

स्वतःची कागदपत्रं जमवताना एक फाइल वेगळी ठेवा. एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं; भारतीयांना व्हिसासाठी नोव्हेंबर २०२२पासून सक्तीचं, फी १८,००० रुपये), ब्लॉक्ड अकाउंट (वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२), युनि-असिस्टचा (परदेशी अर्ज विद्यापीठांच्या वतीने तपासणारी संस्था) अर्ज, प्रवेशपत्र. कोणता कागद कधी मागितला, कधी मिळाला, कुठे अडला, हे तारखेसह लिहून ठेवा. पुढे ऑफिसात ‘आमच्याकडे येणाऱ्या भारतीय मुलांना उशीर का होतो?’ असं विचारतील तेव्हा हीच वही कामी येते.

दुसऱ्या सेमिस्टरपासून: बडी व्हा, पण मोजून

हिवाळी सेमिस्टर विद्यापीठांत १ ऑक्टोबरला सुरू होतं, उपयोजित विद्यापीठांत बहुधा १ सप्टेंबरला. जवळजवळ सगळीकडे बडी कार्यक्रम असतो. जुना विद्यार्थी एक-दोन नव्यांना सांभाळतो. पैसे मिळत नाहीत, प्रमाणपत्र मिळतं. पहिल्या सेमिस्टरला तुम्ही स्वतःच नवे असता, म्हणून दुसऱ्यापासून नाव द्या. एका सेमिस्टरला दोन-तीन मुलं पुरे. संख्या वाढली की अभ्यासाचा बोजवारा उडतो, आणि कमी मार्क घेऊन इंटरनॅशनल ऑफिसात जाणं अवघड होतं, कारण तिथेही मार्कशीट बघतात.

बडी म्हणून भेटणारा पहिला गुंता म्हणजे कागदांची साखळी. शहरात राहण्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची. त्याला घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. नोंदीचा दाखला मिळाला की बँक खातं सुरळीत होतं, खातं झालं की ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याचे ९९२ युरो सुटतात, आणि त्यातूनच घराचं भाडं जायचं असतं. घरमालक पत्र द्यायला महिना लावतो किंवा मुलगा मित्राकडे विनानोंद राहतो, आणि सगळी साखळी पहिल्या कडीलाच तुटते. नव्या मुलाला घर मिळालं का, एवढंच विचारू नका. ‘मालक नोंदणीचं पत्र देणार आहे का?’ हे घर घेण्याआधीच विचारायला सांगा.

दुसरा गुंता इन्शुरन्सचा. मुलं भारतातून स्वस्तातला प्रवासी विमा घेऊन येतात आणि काम झालं असं समजतात. नावनोंदणीसाठी मात्र विद्यापीठाला जर्मन सरकारी विमा कंपनीकडून एम१० नावाची डिजिटल सूचना लागते. खासगी विमा असला तरी ‘याला सरकारी विम्यातून सूट आहे’ ही सूचनाही सरकारी कंपनीकडूनच यावी लागते. ती येईपर्यंत विद्यार्थी नोंदवला जात नाही. ज्यांचं वय ३० झालं आहे त्यांना विद्यार्थी दराचा सरकारी विमा मिळत नाही. नोकरी करून मास्टर्सला येणाऱ्यांना हे आधी सांगितलं नाही तर महिन्याचं गणित कोसळतं.

हिवीचं काम मिळवणं

हिवी म्हणजे विद्यापीठातला विद्यार्थी-सहायक. बहुतेकांना प्रयोगशाळेतला हिवी माहीत असतो. इंटरनॅशनल ऑफिसातलाही असतो, आणि त्याला अर्ज कमी येतात, कारण जर्मन लागतं. ऑक्टोबरच्या ओरिएंटेशनसाठी माणसं जून-जुलैत घेतात, एप्रिलसाठी जानेवारी-फेब्रुवारीत. जाहिरात विद्यापीठाच्या नोकरीच्या पानावर येते, पण बऱ्याच जागा तोंडी भरतात. म्हणून बडी कार्यक्रम चालवणाऱ्या बाईंना किंवा सरांना तुमचं नाव आधीपासून माहीत असलेलं बरं. काही ट्यूटरच्या जागांचे पैसे डाआडच्या (जर्मनीची विद्यार्थी-देवाणघेवाण संस्था, डीएएडी) श्टिबेट कार्यक्रमातून येतात. मुलाखतीत हे नाव उच्चारता आलं तर समोरचा माणूस जरा सावरून बसतो.

करार बहुधा सहा महिन्यांचा, महिन्याला २० ते ४० तास, तासाला १४ युरोच्या आसपास. भारतीय विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. विद्यापीठातलं विद्यार्थी-सहायकाचं काम या दिवसांत मोजलं जात नाही, फक्त परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं. म्हणजे हिवी करूनही सुट्टीत बाहेर काम करायचे दिवस शाबूत राहतात. सेमिस्टर चालू असताना सगळं मिळून आठवड्याला २० तासांच्या आत राहा, नाहीतर विम्यात विद्यार्थ्याचा दर्जा जातो.

अर्ज एकाच पीडीएफमध्ये पाठवा: एका पानाचं पत्र, बायोडेटा, सध्याची मार्कशीट, भाषेचं प्रमाणपत्र. पत्रात ‘मला लोकांना मदत करायला आवडतं’ असं लिहू नका, सगळेच तेच लिहितात. ‘गेल्या सेमिस्टरला तीन नव्या विद्यार्थ्यांचं आनमेल्डुंग, विमा आणि नावनोंदणी पूर्ण करून घेतली, त्यातल्या एकाला एम१०ची अडचण होती’ असं लिहा.

हाताशी काम आल्यावर काय शिकायचं

आता या वाटेतला सगळ्यात मोलाचा भाग. ऑफिसात फोटोकॉपी आणि पोस्टर चिकटवणं तुमच्याकडे आपोआप येईल. तुम्ही मागून घ्यायचं ते काम वेगळं.

पहिलं, मार्कांचं रूपांतर. परदेशी मार्क जर्मन श्रेणीत बदलायला सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. जास्तीत जास्त मार्कांतून मिळालेले मार्क वजा करा. जास्तीत जास्तमधून पास होण्याचे किमान मार्क वजा करा. पहिल्याला दुसऱ्याने भागा, तीनने गुणा, त्यात एक मिळवा. जर्मनीत १ सगळ्यात चांगलं आणि ४ म्हणजे काठावर पास. समजा, एखाद्या मुलीचा सीजीपीए १०पैकी ७.० आहे. पासची पातळी ४ धरली तर वरचा फरक ३, खालचा ६, उत्तर २.५. तीच पातळी ५ धरली तर खालचा फरक ५ होतो आणि उत्तर येतं २.८. अनेक मास्टर्स कोर्सना प्रवेशाची मर्यादा २.५ असते. म्हणजे मुलगी तीच, मार्कशीट तीच, आणि समोरच्या कारकुनानं पासचा आकडा कुठून उचलला यावर प्रवेश ठरला. हा आकडा बहुतेक विद्यापीठांच्या मार्कशीटच्या मागच्या बाजूला, श्रेणीच्या तक्त्यात छापलेला असतो. अर्जदार पुढची बाजूच स्कॅन करून पाठवतात. दोन्ही बाजू मागवा, हे ऑफिसला पटवून देणारा हिवी लक्षात राहतो. दुसरी हमखास चूक म्हणजे दुहेरी रूपांतर: मुलगा सीजीपीएचे आधी टक्के करतो, अर्जात टक्के लिहितो, ऑफिस मार्कशीटवरचा सीजीपीए बघतं आणि दोन आकडे जुळत नाहीत म्हणून अर्ज बाजूला पडतो. मूळ मोजमापातच लिहायचं.

दुसरं, आपल्याकडची मार्कशीट वाचणं. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव जोडून. जर्मन संगणकात फक्त दोन खाने: फोरनामे (नाव) आणि नाखनामे (आडनाव). गुणपत्रिकेवरून नाव भरलं तर वडिलांचं नाव आडनाव होऊन बसतं. मग विद्यार्थी ओळखपत्र, विमा आणि बँक यांत तीन वेगळी नावं होतात आणि एम१० जुळत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं तर विचारूच नका. नियम एकच: पासपोर्टवर खाली, यंत्र वाचतं ती दोन ओळींची पट्टी बघा, त्यात आडनाव आधी आणि पुढे दोन बाणांनंतर नाव असतं. तेच उतरवा. तशीच गत एटीकेटीची. जर्मन कारकुनाला ही अक्षरं म्हणजे एखादा विषय वाटतो. आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेट म्हणजे ‘अजून पास झाला नाही’ असा अर्थ काढला जातो, कारण पदवीदान समारंभ निकालानंतर काही महिन्यांनी होतो हे त्यांना माहीत नसतं. अशा गोष्टींची जर्मनमध्ये दोन पानांची टिपणी करून प्रवेशाच्या टेबलावर द्या. ती वर्षानुवर्षं वापरली जाते आणि खाली तुमचं नाव राहतं.

परदेशी विद्यापीठाचा दर्जा बघायला अनाबिन नावाची सरकारी माहितीसूची आहे. एच प्लस म्हणजे मान्य, एच वजा म्हणजे अमान्य, एच प्लस-वजा म्हणजे प्रकरण बघून. आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांची गंमत इथे होते. मुलगा कॉलेजचं नाव शोधतो, ते सापडत नाही आणि घाबरतो. शोधायचं असतं पदवी देणारं विद्यापीठ.

तिसरं, लर्निंग ॲग्रीमेंट. एरास्मुसमधून येणारा किंवा जाणारा विद्यार्थी कोणते विषय घेणार याचा हा करार. त्यावर तीन सह्या: विद्यार्थी, पाठवणारं विद्यापीठ, घेणारं विद्यापीठ. एका सेमिस्टरचे ३० ईसीटीएस (युरोपभर चालणाऱ्या पद्धतीचे) क्रेडिट. चूक कधी होते? मार्चमध्ये विषय ठरतात, ऑक्टोबरमध्ये वेळापत्रक येतं आणि दोन विषय एकाच वेळी असतात किंवा एखादा होतच नाही. मुलगा परस्पर दुसरा विषय घेतो, पास होतो, घरी परततो, आणि घरचं विद्यापीठ म्हणतं, हा विषय करारात नव्हता. क्रेडिट बुडालं. म्हणून सेमिस्टर सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यांना बदलाचा भाग भरायला लावायचा आणि तिन्ही सह्या येईपर्यंत पाठ सोडायची नाही. हे कंटाळवाणं काम मनापासून करणारा माणूस ऑफिसला हवाच असतो.

तीन गोष्टी ज्यांनी नाव जातं

व्हॉट्सॲप. आपल्याकडे पासपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकणं कोणाला खटकत नाही. जर्मन ऑफिसात विद्यार्थ्याचा पासपोर्ट, मार्क किंवा आजारपणाची माहिती स्वतःच्या फोनवर घेणं म्हणजे माहिती-संरक्षणाच्या कायद्याचा भंग. सगळं ऑफिसच्या मेलवरून करा.

व्हिसाचा सल्ला. परदेशी नागरिक कार्यालयाचा अर्ज कसा भरायचा, कुठे अपॉइंटमेंट घ्यायची, हे सांगा. ‘तुला मुदतवाढ मिळेलच’ हे सांगू नका. एखाद्याचं प्रकरण बिघडलेलं असेल तर विद्यार्थी संघटनेच्या कायदा सल्ल्याकडे पाठवा. मोठ्या विद्यापीठांत तो फुकट असतो.

आणि फक्त भारतीयांचे होऊन बसणं. ऑफिसात तुम्ही मराठी मुलांसाठी बसलेले नसता. केवळ स्वतःच्या देशाच्या मुलांशी बोलणारा हिवी पुढच्या करारात बदलला जातो, आणि त्यात चूक काहीच नाही.

नोकरीची जाहिरात वाचताना

बहुतेक सरकारी विद्यापीठांतले पगार टे-फाउ-एल नावाच्या करारानुसार ठरतात. जाहिरातीत ई ९बी, ई ११, ई १३ असे दर्जे असतात. ई १३ला मास्टर्स लागतं आणि पूर्णवेळ असेल तर सुरुवात महिन्याला ४,६०० युरोच्या वर, करापूर्वी. पण पूर्णवेळ हा शब्द तपासा. कोऑर्डिनेटरच्या बऱ्याच जागा ५० किंवा ६५ टक्के असतात आणि बहुतेक बेफ्रिस्टेट, म्हणजे मुदतीच्या. प्रकल्पाचा निधी असेपर्यंत, किंवा कोणी बाळंतपणाच्या रजेवर आहे तोपर्यंत. नवख्या माणसानं रजेवरच्या जागेला नाक मुरडू नये. मुदत वर्ष-दीड वर्षाची असते, काम पूर्ण हातात मिळतं, आणि आत असलेल्या माणसाला पुढच्या जागा आधी कळतात.

राहण्याच्या परवान्याचा हिशेब याच टप्प्यावर करा. जर्मन पदवी मिळाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात आणि त्या काळात कुठलंही काम करता येतं. पदवीचा दाखला छापून येण्याची वाट बघत सध्याचा परवाना संपू देऊ नका, पास झाल्याचं तात्पुरतं पत्र घेऊन अर्ज करा. ब्लू कार्डची (जास्त पगाराच्या पदवीधरांसाठीचा राहण्या-कामाचा परवाना) पगाराची मर्यादा २०२६ साठी वर्षाला ५०,७०० युरो आहे, पदवीला तीन वर्षं न झालेल्यांसाठी ४५,९३४च्या आसपास. पूर्णवेळ ई १३ यात बसतो. ई ९बीची सुरुवात बसत नाही, अर्धवेळ ई १३ तर नाहीच. अशा वेळी साधा कुशल कामगाराचा परवाना मागायचा. त्याला ही मर्यादा लागत नाही, पण काम कुशल, म्हणजे पदवी किंवा व्यावसायिक प्रशिक्षण लागणारं असावं लागतं आणि पगारात पोट भरावं लागतं. अर्ध्या जागेवर सही करण्याआधी दुसरी अर्धी कुठून येणार हे ठरवा. विभागातला कोऑर्डिनेटर आणि प्रकल्पातला सहायक अशा दोन अर्ध्या जागा एकाच विद्यापीठात जोडून मिळतात, फक्त विचारावं लागतं.

आता पुराव्याचा कागद. जर्मनीत काम सोडताना आर्बाइट्सत्सोइग्निस, म्हणजे कामाचा दाखला, मागण्याचा कायदेशीर हक्क असतो, हिवीलाही. तो नुसता ‘इतके महिने काम केलं’ एवढा घेऊ नका, कामाचं वर्णन आणि मूल्यमापन असलेला मागा. त्याची भाषा ठरलेली असते. कामाबद्दल ‘श्टेट्स त्सू उन्झरर फॉल्स्टन त्सुफ्रीडनहाइट’ म्हणजे ‘सदैव आमच्या पूर्णतम समाधानाइतकं’ असं असेल तर ती पहिली श्रेणी. ‘सदैव’ कायम राहून ‘पूर्णतम’चं ‘पूर्ण’ झालं की दुसरी. ‘सदैव’ गळलं, नुसतं ‘पूर्ण समाधान’ उरलं की तिसरी. नुसतं ‘समाधान’ म्हणजे चौथी, आणि ‘त्यांनी प्रयत्न केला’ असं लिहिलं असेल तर तो दाखला कोणाला दाखवू नका. मराठी कानाला ही सगळी वाक्यं कौतुकाचीच वाटतात, म्हणून जर्मन माणसाकडून वाचून घ्या. कामाच्या यादीत अनाबिन, लर्निंग ॲग्रीमेंट, ओरिएंटेशनला किती विद्यार्थी होते, हे तुम्ही स्वतः लिहून साहेबांना द्या. बहुतेक जण तेच उतरवतात.

दुसऱ्या देशात असाल तर

अमेरिकेत विद्यार्थ्यांचा आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) आणि सेविस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदसूची) बघणारा अधिकारी, म्हणजे डीएसओ, अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच असावा लागतो. एफ-१वरच्या (विद्यार्थी व्हिसावरच्या) माणसाला ते पद मिळत नाही. त्यानं प्रवेश, भरती किंवा ‘एज्युकेशन अब्रॉड’ची जागा बघावी. शिवाय उच्च शिक्षण व्यवस्थापनातल्या नेहमीच्या मास्टर्सना ओपीटी (शिक्षणानंतर काम करण्याची परवानगी) बहुधा १२ महिन्यांचीच मिळते, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना मिळणारी २४ महिन्यांची स्टेम वाढ नसते. प्रवेश घेतानाच कोर्सचा सीआयपी आकडा (विषयाचा सरकारी क्रमांक) विचारा. एज्युकेशनल टेक्नॉलॉजीचा १३.०५०१ स्टेम यादीत आहे.

ब्रिटनमध्ये ग्रॅज्युएट रूट (पदवीनंतर राहून काम करायचा व्हिसा) दोन वर्षांचा आहे, १ जानेवारी २०२७पासूनच्या अर्जांना दीड वर्षाचा. त्यानंतरच्या स्किल्ड वर्कर व्हिसाची सर्वसाधारण पगारमर्यादा जुलै २०२५पासून ४१,७०० पौंड आहे आणि इंटरनॅशनल ऑफिसातल्या सुरुवातीच्या जागा त्याच्या बऱ्याच खाली असतात. ऑस्ट्रेलियात एज्युकेशन एजंटला व्हिसाचा सल्ला देता येत नाही, त्यासाठी नोंदणीकृत मायग्रेशन एजंट लागतो.

परत यायचं ठरलं तर

पुण्या-मुंबईत या अनुभवाला तीन प्रकारची गिऱ्हाइकं आहेत. पहिलं, आपलीच विद्यापीठं. यूजीसीनं २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कामकाजाचं ऑफिस असावं असं सांगितलं आणि २०२२मध्ये ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल पदव्यांचे नियम आणले. करार झाले, पण क्रेडिटचा तक्ता जुळवणारी माणसं कमी आहेत. इथलं काम उलट दिशेचं असतं. परदेशी विद्यार्थी हॉस्टेलला आला की २४ तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला कळवायची, मग ई-एफआरआरओवर (परदेशी नागरिकांसाठीचं सरकारी पोर्टल) नोंदणी. जर्मनीत आनमेल्डुंगची साखळी सांभाळलेल्याला हे नवं नाही.

दुसरं, भारतात येणारी परदेशी विद्यापीठं. गुजरातच्या गिफ्ट सिटीत डीकिन आणि वोलोंगाँग ही ऑस्ट्रेलियन विद्यापीठं २०२४पासून चालू आहेत. मुंबई आणि नवी मुंबईसाठी ब्रिस्टल, यॉर्क, ॲबरडीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक यांना २०२५मध्ये इरादापत्रं मिळाली. प्रवेश आणि विद्यार्थी सेवा या दोन विभागांच्या जागांवर नजर ठेवा.

तिसरं, कन्सल्टन्सी. नोकरी लवकर मिळते, पण आधी पैसा कुठून येतो ते समजून घ्या. फी घेणारी परदेशी विद्यापीठं पहिल्या वर्षाच्या फीतला काही हिस्सा एजंटला देतात. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फीच नाही (बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये सेमिस्टरला १,५०० युरो आणि म्युनिकच्या टीयूएमसारखे काही अपवाद सोडून), म्हणून कमिशनही नाही. त्यामुळे काही ठिकाणी काउन्सेलरला मुलं खासगी विद्यापीठांकडे वळवण्याचं टार्गेट असतं. मुलाखतीत सरळ विचारा: ‘माझं टार्गेट अर्जांचं आहे की ठरावीक विद्यापीठांचं?’ उत्तर गोल फिरलं तर पुढची जागा बघा, कारण दोन वर्षांनी ज्या विद्यापीठात तुम्ही अर्ज कराल तिथेही अशा कन्सल्टन्सींची नावं ओळखतात.

जर्मनी सोडण्याआधी एवढं बरोबर घ्या: कामाच्या दाखल्याची सही-शिक्क्याची मूळ प्रत, हिवीचे सगळे करार, पदवी आणि गुणपत्रिका जर्मन व इंग्रजी दोन्हीत, आणि डिप्लोमा सप्लिमेंट (पदवीत काय शिकलात हे सांगणारी पुरवणी). परदेशी पदवीच्या समकक्षतेसाठी यूजीसीचे नवे नियम एप्रिल २०२५मध्ये आले आहेत, तेव्हा सरकारी किंवा विद्यापीठाच्या जागेला हे कागद लागतीलच. नंतर भारतातून मागवायला महिने जातात. आब्मेल्डुंग, म्हणजे शहर सोडल्याची नोंद, केल्याशिवाय आणि तिचा दाखला देऊन रेडिओ-टीव्ही फी वेगळी बंद केल्याशिवाय विमानात बसू नका, नाहीतर त्या फीची बिलं बंद घराच्या पत्त्यावर येत राहतात.